टाकीच्या नळीतलं घर

अठ्ठ्याहत्तर-एकोणऐंशी साल असेल. करडीला आमच्या घरी दुसऱ्याच्या हातची एक जुनी मोटार होती आणि त्या पावसाळ्यात तिनं पेट्रोल घ्यायचंच सोडलं. दोन लिटर कसंबसं आत जाई, मग फसकन उलटून बाहेर. कारध्याच्या पंपावरचा माणूस आमची गाडी पाहिली की दोन पावलं मागेच उभा राहायचा. बरं, जे आत गेलं त्यावरही नीट चालेल तर शपथ. दहा-बारा मैलांवर आचके देऊन बंद. टाकीचं झाकण उघडलं की हुस्स करायची, मग पुन्हा चालू.

एरवी मी म्हटलं असतं, जाऊ द्या, एस.टी. आहे. पण नणंद बाळंतपणाला माहेरी आली होती. लग्नानंतर नऊ वर्षांनी पहिलं लेकरू, तेही पोटात आडवं. भंडाऱ्याच्या डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, पोट दुखायला लागलं की थेट नागपूर, वाटेत कुठे थांबायचं नाही. आणि आमची मोटार तर थांबायला टपलेली.

यजमानांनी भंडाऱ्याच्या मिस्त्रीकडे तीन खेपा घातल्या. पहिल्या खेपेला तो म्हणाला, झाकण खराब आहे. दुसऱ्या खेपेला, पेट्रोलमध्ये पाणी आहे. तिसऱ्या खेपेला मी हट्टानं सोबत गेले, तेव्हा म्हणाला, टाकी आतून पिचकली असेल. मला राहवेना. आता मी काही शिकलेली नाही, पण शिशीत रॉकेल तर रोजच ओतते ना. नरसाळं तोंडाला घट्ट बसलं की रॉकेल वरच अडतं. जरा उचललं, आतली हवा निघाली, की गटगट खाली जातं.

"भाऊ, टाकीतली हवा निघायले वाट हाये का?" मी विचारलं.

"हाये ना बाई. गाडीच्या बुडाशी बारीक नळी हाये. पण ते कधी बुजत नाही."

"तुम्ही पाह्यली?"

"कायले पाहू? सांगून राह्यलो ना."

यजमान म्हणाले, "तू गाडीत बस." बसले. काय करता.

रात्रीचं जेवण वाढताना मी ही नळीची गोष्ट काढली, तर सासूबाईंचा भाताचा हात थांबला.

"त्या नळीले कोणी हात लावाचा नाही," त्या म्हणाल्या.

मग कळलं. मोटार बैलांच्या कोठ्यात उभी असायची. तिथे झाडताना त्यांनी कुंभारणीला चिखलाच्या गोळ्या घेऊन त्या नळीत शिरताना पाहिलं होतं. कुंभारीण म्हणजे ती मातीचं घर बांधणारी माशी. ती घरात आली की पाळणा हलतो, तिचं घर मोडू नये, असं आमच्याकडे मानतात. आणि पोरगी माहेरी आली त्याच आठवड्यात ही आली. झालं, सासूबाई महिनाभर तोंड शिवून बसल्या.

"आत्याबाई," मी म्हटलं, "तिचं घर राहीन, पण तुमची पोरगी रस्त्यात राहीन."

"देव हाये ना पाहायले."

"देवाले गाडी ढकलता येते का?"

मिस्त्रीपुढे मला गप्प करणारा माणूस आईपुढे घास मोजत होता. शेवटी नणंदच हळूच म्हणाली, "वहिनी, मले भेव लागून राह्यलं."

दुसऱ्या दिवशी सासूबाई धानाच्या बांधीत निंदायला गेल्या, तशी मी पोतं अंथरून मोटारीखाली शिरले. छत्रीची तार नळीत घालून कोरत राहिले. आधी सुकी माती पडली, मग कुंभारणीनं पिल्लाच्या खाण्यासाठी भरून ठेवलेल्या मेलेल्या हिरव्या अळ्या, आणि शेवटी तिचं एक पांढरं पिल्लू. वळवळत होतं. मी ते पानावर उचलून केळीच्या बुडाशी ठेवलं. ते जगणार नाही, हे मला ठाऊक होतं.

संध्याकाळी सासूबाईंना सांगितलं, "पिल्लं उडून गेली होती. घर रिकामं होतं." त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि पाय धुवायला गेल्या.

टाकी एका दमात काठोकाठ भरली. पंपवाला म्हणाला, "काय केलं बाई?" मी म्हटलं, "पाह्यलं."

आठ दिवसांनी कळा सुरू झाल्या, तसे नागपूरला निघालो. नणंदेचं डोकं माझ्या मांडीवर. गाडी कुठे अडली नाही, पण मला सुख नाही. मी असल्या गोष्टी मानणारी नव्हे, तरी डोळ्यांपुढे ते पांढरं पिल्लूच. दवाखान्यात नणंदेचं पोट फाडून लेक बाहेर काढली. ती लवकर रडेचना. दाराबाहेर उभी राहून मी त्या कुंभारणीची माफी मागितली, खरं सांगते, हात जोडून मागितली. यजमान विचारतात, "कोणाले हात जोडून राह्यली?"

मग आतून रडणं आलं. आनंद व्हायला हवा होता, पण मला आधी रागच आला. मिस्त्रीचा, सासूबाईंचा, ह्यांचा. एक जण जरी वाकून त्या नळीशी गेला असता किंवा तोंड उघडून बोलला असता, तर तिथे माशीपुढे हात जोडायची पाळी माझ्यावर कायले आली असती?