दारवाली बाई

कुठल्याही खोलीत शिरल्या की बाई आधी विचारायच्या, "दुसरं दार कुठे आहे?" कारखान्यात तर विचारायच्याच, पण लग्नाच्या हॉलमध्ये, बँकेत, आणि एकदा नेरच्या कापड दुकानात साडी पाहायला बसल्यावरसुद्धा. तो दुकानदार म्हणाला, "मॅडम, साडी घेता का दुकान?" आमच्या कारखान्यात त्यांचं खरं नाव फार कुणाला ठाऊक नव्हतं. सगळ्यांच्या तोंडी त्या 'दारवाली बाई'च होत्या.

आमचा कारखाना यवतमाळजवळ, कापड धुऊन, ब्लीच करून रंगवण्याचा. मी रंग वजन करायच्या खोलीत होते. कापड एका परदेशी कंपनीकडे जायचं आणि तिची अट अशी, की रसायनं हाताळणाऱ्या माणसांना आणि त्यांच्यावरच्या साहेबांना सुरक्षेचं प्रशिक्षण मिळालं पाहिजे. त्यासाठी एका संस्थेनं बाईंना पाठवलं. त्या वणीच्या, कोळसा खाणीतल्या कामगाराची मुलगी. रसायनशास्त्रात एम.एस्सी., आधी कॉलेजात तासिकांवर शिकवायच्या. दाराचं एवढं काय, असं मी एकदा विचारलं. म्हणाल्या, "बाबा खाणीत होते, शोभा. आत जायचा रस्ता सगळेच दाखवतात."

त्यांच्या शिकवण्यात फळा नव्हता की पडदा नव्हता. पहिल्याच दिवशी त्यांनी आम्हा बायकांना विचारलं, "घरी संडास धुताना ॲसिड आणि ब्लीचिंग एकत्र टाकलंय का कुणी?" दोघीतिघींनी लाजत हात वर केले. "मग काय झालं?" "डोये चुरचुरले, बाई. खोकला थांबेच ना." "तोच हा गॅस. तुमच्या घरी चमचाभर होता, इथं ड्रमभर आहे." मग त्यांनी बजावलं, की हा गॅस हवेपेक्षा जड, जमिनीवर लोळतो. वास आला तर खाली बसायचं नाही, वारा येतो त्या बाजूला निघायचं. आमच्यातली एक म्हणाली, "आयकूनच भेव वाटते." बाई म्हणाल्या, "वाटू दे. भीती वाईट नाही. भीती वाटूनही रस्ता माहीत नसणं वाईट."

साहेबांना शिकवणं मात्र त्यांना जड गेलं. मॅनेजर साहेब मोबाइलमधून मान वर काढत नसत. शेवटी एक दिवस बाईंनी साहेबांच्या खुर्च्या उचलून थेट रसायनांच्या गोदामात मांडायला लावल्या आणि चहाही तिथंच मागवला. सारखेच निळे ड्रम, चिठ्ठ्या पुसलेल्या, डोळ्यांत पाणी आणणारी हवा. अर्धा कप संपायच्या आत साहेब उठले. "इथं माणूस आठ तास असतो," बाई म्हणाल्या. सगळे हसले. साहेबही हसले. आणि गोदाम होतं तसंच राहिलं.

प्रशिक्षणाचा फोटो काढायच्या दिवशी आम्हाला नवे मास्क मिळाले. फोटो झाला आणि मास्क परत कपाटात गेले, कपाटाला कुलूप. बाईंनी ते पाहिलं. त्या साहेबांच्या केबिनमध्ये गेल्या. दार उघडंच होतं, त्यामुळे आम्हाला सगळं ऐकू येत होतं. गोदामातली माणसं ठेकेदाराची होती, त्यांना प्रशिक्षणाला बसवलंच नव्हतं. "ते आमचे कामगार नाहीत, मॅडम," साहेब म्हणाले. "गॅस हजेरी पाहत नाही, साहेब," बाई म्हणाल्या. गोदामाचं मागचं दार चोरीच्या भीतीनं बंद असायचं, तेही उघडा म्हणून त्यांनी हात जोडले. अक्षरशः जोडले. साहेब म्हणाले, "बघू."

पांढरकवड्याकडच्या एका पोडावरचा, म्हणजे आदिवासी वस्तीवरचा, लक्ष्मण आत्राम नुकताच गोदामात लागला होता. कमी बोलणारा, डबा खाताना आमच्यापासून जरा दूर बसणारा. एका दुपारी मुकादमानं त्याला सांगितलं, तो अर्धा ड्रम या ड्रमात ओत आणि एक रिकामा कर. एकात ब्लीच होतं, दुसऱ्यात ॲसिड. मी खोलीत होते. हिरवट पिवळा धूर जमिनीवरून सरकत आला आणि वास नाकात शिरताच मी ओरडले, "खाली बसू नका, गेटकडे चला!" आम्ही बाहेर पडलो. लक्ष्मण आणि बाहेरचं दार यांच्यामध्ये ते ड्रमच होते. तो मागच्या दाराकडे पळाला. तिथंच, कुलपाखाली, तो सापडला.

बाई वणीहून मिळेल त्या गाडीनं आल्या. त्या दाराशी गेल्या, कुलूप हातात धरून उभ्या राहिल्या. किती वेळ, कोण जाणे.

पुढच्या आठवड्यात परदेशी कंपनीची माणसं आली. साहेबांनी आम्हाला आधीच पढवून ठेवलं होतं: प्रशिक्षण झालं होतं, त्यानं ऐकलं नाही, चूक त्याची. सगळ्यांसमोर त्यांनी बाईंना विचारलं. बाई आधी आमच्याकडे पाहून मराठीत बोलल्या, मग त्यांच्याकडे वळून इंग्रजीत. "प्रशिक्षण मी दिलं. ज्याला द्यायला हवं होतं, त्याला देऊ दिलं नाही. मास्क कपाटात होते. दाराला कुलूप होतं. लक्ष्मणची चूक नाही." मी आणि माझ्या खोलीतल्या दोघी उठून त्यांच्याशेजारी उभ्या राहिलो. पाहुण्यांनी माना हलवल्या, फार वाईट वाटल्याचं सांगितलं.

आणि त्यांनी काम काढून घेतलं. असल्या कारखान्याशी त्यांना संबंध नको होता. महिनाभरात रंगाई बंद पडली आणि आम्ही सगळे घरी बसलो.

बाईंनी किती फोन केले! "काम काढू नका हो, त्यांना सुधारायला लावा, दार उघडायला लावा." त्या मुंबईला कंपनीच्या कार्यालयात जाऊन दिवसभर बसून आल्या. कुणीही भेटलं नाही.

मग आमच्यातले काही जण वणीला त्यांच्या घरी गेले. त्यांना आवरावं म्हणून मीही गेले. रंगाईतला एक जुना माणूस अंगणातूनच ओरडला, "गॅसनं एक मेला, बाई. तुमच्या खऱ्यानं आमी सारेच मेलो! कायले बोल्ल्या?" बाईंनी सगळ्यांना पाणी दिलं. "खरंय तुमचं," एवढंच म्हणाल्या. त्यांनी वाद घातला असता तर बरं झालं असतं. तो माणूस ग्लास हातात धरून रडायलाच लागला.

संस्थेनं त्यांना पुन्हा काम दिलं नाही. त्या स्वतःच जिनिंगला, दालमिलला, तेलगिरणीला जात. फुकट शिकवते म्हणत. चौकीदार गेटवरूनच परत पाठवत. बाईंचं नाव आधीच सगळीकडे पोचलेलं होतं. बाई वाळत चालल्या. त्यांची आई म्हणायची, "काहून जातं आता?" तर म्हणत, "एखादा तरी आयकन."

आमची शेवटची भेट पांढरकवड्याच्या बसस्टँडवर झाली. त्या लक्ष्मणच्या घरी निघाल्या होत्या. "एकटीनं जायची हिंमत होत नाही, शोभा," म्हणाल्या. इतक्या दिवसांत त्यांच्या तोंडून असं मी पहिल्यांदाच ऐकलं. आम्ही दोघी गेलो.

लक्ष्मणची बायको कौसल्या सरपण फोडत होती. तिनं कुऱ्हाड खाली ठेवली नाही. मला वाटलं, आता हीही बोलणार. पण तिनं विचारलं, "साहेबाचा मानूस येऊन गेलता. म्हने, त्यानं सोताच चुकी केली, त्याच्यापायी कारखाना बंद झाला. पोडावर सारे तेच म्हनते. खरं होय का?"

"नाही," बाई म्हणाल्या. "त्याची चूक नव्हती. त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. आणि दाराला कुलूप होतं."

कौसल्या आत गेली आणि म्हाताऱ्या सासऱ्याला हाताला धरून बाहेर घेऊन आली. त्याला खाटेवर बसवलं. "याले सांगा," ती म्हणाली. "मोठ्यानं सांगा, बाई. याले कमी आयकू येते."

बाईंनी मोठ्यानं सांगितलं. शेजारच्या घरांतून माणसं बाहेर आली. कौसल्या म्हणाली, "आता यायलेई सांगा." बाईंचा आवाज फाटला होता, वाक्य मधेच तुटत होतं. त्यांनी पदरानं तोंड पुसलं आणि पहिल्यापासून पुन्हा सांगायला लागल्या.