शेळीमार्फत आंघोळीचा निरोप

लग्न होऊन मी सांगलीला आले ती थेट कॉलेजच्या आवारात. आमचे मालक तिथे शिपाई होते. कॉलेजच्या मागे एक खोली, बाजूला तट्ट्याची न्हाणी, अंगणात चूल आणि दाराशी बांधलेली शेळी, एवढाच संसार. मी चौथी शिकलेली, पण परका पुरुष समोर आला की माझी जीभ टाळूला चिकटायची.

लढाईचे दिवस होते. साबण औषधालाही मिळत नव्हता. एकदा मालक एका विद्यार्थ्याला घेऊन आले. म्हणाले, "ह्यो वडूजकडचा, मेंढरंवाल्याचा. खोली घ्यायला पैसं न्हाईत, आपल्या कुंपणापल्याडच्या तालमीच्या पडवीत झोपतो. नदी लांब, विहिरीला पोहरा न्हाई. काल सरांनी वर्गातनं भाईर काढला, म्हणाले आदी आंगूळ करून ये. रोज सकाळी एक घंगाळ पाणी जास्त तापव."

तापवीन, पण पाणी तापलं हे सांगायचं कसं? न्हाणी मोकळी आहे असं कळल्याशिवाय परका माणूस अंगणात पाऊल टाकणार नाही, आणि मालक तर पहाटेच झाडलोट करायला जायचे. शेवटी मी दाराआड उभी राहून शेळीला म्हणाले, "आगं शेळे, पाणी तापलंय म्हणावं. रिठं कोनाड्यात हाईत म्हणावं."

कुंपणापलीकडून उत्तर आलं, "शेळे, आलो म्हणावं."

झालं, रीतच पडली. धोतर एकच, ते तो धुवायचा आणि पंचा नेसून चुलीजवळ वाळवायचा. मी शेळीला सांगायची, "कानामागं बी घासावं म्हणावं." तो म्हणायचा, "शेळे, घासलं. येऊन बघ." मी पदर तोंडात कोंबून हसायची. मालकांना कळलं तेव्हा म्हणाले, "आपल्या शेळीची चौथी झाली वाटतं!"

मग त्याच्या नादारीचा दिवस आला. प्रिन्सिपॉलसाहेब स्वतः बघून फी माफ करणार होते. मागच्या खेपेला मळक्या अंगानं गेला म्हणून त्यांनी दारातूनच परत पाठवला होता. आता ही शेवटची संधी. हुकली की कॉलेज सुटलं, परत मेंढरांमागे.

नेमकं त्याच सकाळी मालक शेळीला बुधगावला घेऊन गेले. माजावर आली होती, बोकड दाखवायला.

पाणी तापलं. तो कुंपणापाशी येऊन उभा राहिला. मी दाराआड. मोकळ्या खुंट्याकडे आम्ही दोघंही बघतोय. थोड्या वेळानं त्यानं विचारलं, "शेळी कुटं गेली?" आता हे मी त्याला काय तोंडानं सांगू! पाण्याची वाफ कमी होत चालली. कॉलेजची पहिली घंटा झाली.

मी बोलत नाही म्हणजे मला त्याचा कंटाळा आला, असं त्यानं धरलं. खुंट्याकडे तोंड करून म्हणाला, "वैनींना म्हणावं लय तरास दिला. येतो आमी." आणि पडवीत जाऊन वळकटी गुंडाळायला लागला. साहेबांकडे नव्हे, गावाकडेच निघाला होता.

मला काय झालं कोण जाणे. डोक्यावरचा पदर सावरायचंही भान राहिलं नाही. धावत कुंपणापाशी गेले आणि ओरडले, "आवं भावजी! पाणी निवतंय की! वळकटी टाका आन् न्हाणीत चला. धोतर हिकडं द्या, मी धुते!"

तो दचकला. "वैनी, तुमाला बोलता येतं व्हय?"

"येतं. चला आदी!"

धोतर पुरतं वाळलंच नाही. तसंच दमट नेसून तो गेला. मी दारात उभी. दुपारी तो पळत आला आणि कुंपणापलीकडूनच ओरडला, "मिळाली नादारी! सायबांनी खुर्चीवर बसवलं, वैनी!"

दुसऱ्या दिवशी त्याच्यामागे आणखी दोघे उभे होते. म्हणाला, "ह्ये धर्मशाळेत झोपत्यात. लाकडं आमी फोडू, पाणी आमी शेंदू. चालंल न्हवं?"

"चालंल," मी म्हणाले, "पर आदी डोकी दावा. उवा असल्या तर न्हाणीत पाऊल टाकायचं न्हाई."

आणि इंग्रजी शिकणारे ते तीन दांडगे गडी अंगणात ओळीनं बसून मुकाट्यानं माझ्यापुढे माना खाली घालून राहिले.