न चावणाऱ्यांचे चिलटराव

समस्त मराठी जनांस अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, मिनेसोटा राज्यातील एका ओढ्याकाठी, ऐन जानेवारीत, बर्फावर पालथा पडलेला जो इसम पाहून एका सज्जन गृहस्थाने पोलिसांना बोलावले, तो इसम मृत नव्हता. बेशुद्धही नव्हता. ते आमचे चिलटराव होते आणि ते काम करीत होते.

मी तिथेच गाडीत हीटर लावून बसलो होतो, कारण चिलटरावांना ड्रायव्हिंग येत नव्हतं आणि मला शनिवारी दुसरं काही सुचत नव्हतं. पोलीस आला तसे चिलटराव उठले, पोटावरचा बर्फ झटकला आणि त्यांनी हातातली इवलीशी बाटली पुढे केली. आत एक काळं चिलट होतं. सगळी सृष्टी गोठलेली असताना ही जात पाण्यातून वर येते आणि बर्फावर फिरायला निघते. पोलिसाने डोळे बारीक करून पाहिलं.

"चावतं का हे?"

"नाही."

"मग काही रोग वगैरे?"

"नाही, सर. सॉरी."

पोलिसाचा चेहरा पडला. न चावल्याबद्दल अख्ख्या कुळाच्या वतीने माफी मागणारा माणूस त्याने पहिल्यांदाच पाहिला असावा. मी मात्र रोज पाहत होतो. दोन हजार तीन-चारच्या सुमाराची गोष्ट. मी पुण्याहून वर्क व्हिसावर आलेला सॉफ्टवेअरवाला आणि चिलटराव माझे रूममेट. चंद्रपूरकडच्या एका कॉलेजातली प्राध्यापकी सोडून, पस्तिशी उलटल्यावर ते इथे पीएच.डी. करायला आले होते. विषय: दिसायला थेट डास, पण चावता येत नाही अशी चिलटं. उत्तरेकडच्या तळ्यांत आणि ओढ्यांत यांच्या शेकडो जाती. त्या ओळखायच्या कशा, तर अळीचं मोहरीहून बारीक डोकं वेगळं करायचं, स्वच्छ करून काचपट्टीवर बसवायचं आणि सूक्ष्मदर्शकाखाली त्याचे दात मोजायचे. मग कुठली जात कुठल्या तळ्यात राहते ते नकाशावर टाचणी लावून दाखवायचं. लोकांच्या हॉलमध्ये टीव्ही असतो, आमच्याकडे मिनेसोटापासून मिशिगनपर्यंतचा नकाशा होता. फ्रिजमध्ये कैरीच्या लोणच्याशेजारी अळ्यांच्या बाटल्या असत. मी एकदाच चुकलो, तेसुद्धा फक्त झाकण उघडण्यापर्यंत.

स्वभावाने अतिशय भिडस्त, पण मधूनच हळूच चिमटा काढून जात. एकदा एका निळ्या टाचणीवर बोट ठेवून म्हणाले, "ही जात फक्त थंड, स्वच्छ पाण्यात राहते. जरा गढूळ झालं की नाहीशी. स्वतःला फार जपते."

"हिचं नाव काय?"

"लॅटिन नाव मोठं आहे. मी मनात पुणेकर म्हणतो." आणि लगेच कान लाल. "तुला लागलं नाही ना? सॉरी हं."

लाज हा त्यांचा कायमचा पोशाख होता. मंडळाच्या गणपतीत कुणी काकूंनी "तुम्ही काय करता हो?" विचारलं की ते हातातल्या मोदकाकडे बघत "पाण्याचं... जरासं..." एवढंच पुटपुटत. खोदून विचारलं तर चिलटं निघत, मग "चावतात का?" हा प्रश्न येई, आणि "नाही" म्हटल्यावर काकू दुसऱ्या कुणाकडे तरी वळत. घरी येताना गाडीत ते म्हणत, "चावल्याशिवाय जग नाव विचारत नाही, अरे."

या लाजेपायीच ते एक खोटं बोलून बसले होते. त्यांचे वडील, नाना, हिवताप विभागात कर्मचारी होते. उभी हयात जंगलातली गावं पायी तुडवायची, डबक्यांत औषध टाकायचं, तापकऱ्याच्या बोटाला सुई टोचून रक्त घ्यायचं आणि घराच्या भिंतीवर गेरूने तारीख टाकायची. मुलाने पक्की नोकरी सोडली तेव्हा त्यांनी एकच विचारलं, "जाऊन शिकशील तरी काय?" न चावणारी चिलटं, हे शब्द चिलटरावांच्या तोंडून फुटेनात. ते म्हणाले, "डास." झालं! नाना गावभर सांगत सुटले, "म्या डबक्यात मारले, पोरगा मुळातून संपवते." दर रविवारी फोन येई, "कुठवर आलं काम?" हे म्हणत, "चाललंय, नाना." मग फोन ठेवून नकाशावरच्या टाचण्या उगाच सरळ करीत.

मे महिन्यात घरी लग्न होतं, म्हणून नाना मार्चमध्येच आले. माकडटोपी, दोन स्वेटर, आणि पहिल्याच दिवशी हुकूम: तुझ्या मोठ्या बाईंना भेटव. बाई म्हणजे चिलटरावांच्या गाइड. प्रयोगशाळेत दुभाष्याचं काम माझ्याकडे आलं आणि रंगमंच मिळाला की मी खाली उतरत नाही.

बाई प्रेमाने खूप बोलल्या. ही बिचारी चिलटं कुणाला चावत नाहीत, कुठला रोग पसरवत नाहीत, म्हणून त्यांच्याकडे कुणी बघत नाही, आणि तुमचा मुलगा त्यांच्यासाठी गुडघाभर बर्फात उभा राहतो, वगैरे. चिलटराव माझ्याकडे फाशी जाणाऱ्यासारखे पाहत होते.

"बाई म्हणतात, मुलगा हुशार आहे," मी म्हणालो.

"एवढ्या बोलल्या अन् एवढंच?" नानांनी भुवया उंचावल्या. "बरं, बाईले इचारा, मलेरिया कवा संपते म्हणा."

मी बाईंना इंग्रजीत विचारलं, "तळ्यावरचा बर्फ कधी जाईल, असं ते विचारताहेत."

"एप्रिलअखेर," बाई म्हणाल्या.

"एप्रिलअखेर," मी नानांना सांगितलं.

नानांचा चेहरा असा उजळला की मला स्वतःचीच लाज वाटली. त्यांनी उठून बाईंना दोन्ही हात जोडले. बाईंनीही बर्फासाठी हात जोडले. तेवढ्यात चिलटराव म्हणाले, "पुरे." मग कुठेही न अडखळता त्यांनी सगळं सांगून टाकलं. नाना, हे डास नाहीत. चावत नाहीत. मलेरियाशी यांचा काही संबंध नाही. मला सांगायची लाज वाटली.

नानांनी माकडटोपी चढवली आणि ते गाडीत जाऊन बसले.

त्यानंतर मुक्कामभर त्यांनी तो विषय काढला नाही. भाजीत मीठ कमी आहे म्हणाले, इथले कावळे कुठे गेले म्हणाले. दिवसदिवस नकाशासमोर हात मागे बांधून उभे राहायचे, नाहीतर फ्रिजमधल्या मेलेल्या अळ्यांची एकेक बाटली उजेडात धरून बघायचे. चिलटराव सुकत चालले. भांडी घासताना हळूच म्हणाले, "नाना गावात आता काय सांगतील रे? एकदा शिव्या घातल्या असत्या तर सुटलो असतो."

विमानतळावर चिलटराव वाकून पाया पडले. नानांनी पाठीवर हात ठेवला न ठेवला आणि ते तपासणीच्या रांगेत शिरले. आम्हाला दोरीच्या अलीकडेच थांबावं लागलं. नानांनी बूट काढून ट्रेमध्ये ठेवले, पट्टा काढला, पुढची बाई सरकली. शिपाई हाताने या, या करत होता. आणि नाना एकदम वळले. नुसत्या मोज्यांवर, एका हाताने पँट सावरत, सगळ्या रांगेच्या डोक्यावरून, खेड्यात पलीकडच्या आळीला हाक मारावी तसे ओरडले,

"अरे, चावत नाहीत तं मारतो कायले त्याइले?"