घाई करणारा गिटारवाला

लातूरच्या कॉलेजात आमचा बँड होता. खाली नाचरा ठेका आणि वर आमचा रागीट आरडाओरडा. त्या सुरुवातीच्या गाण्यांची एकच कॅसेट उरली होती, तिलाही बुरशी लागली. नांदेडला रेडिओ दुरुस्त करणारे एक चाचा जुन्या कॅसेट पेनड्राइव्हवर उतरवून देतात असं कळलं, म्हणून गेलो.

चाचांनी स्पिरिटच्या बोळ्यानं फीत वीतवीत पुसली. मग कॅसेट लावून डोळे मिटले. बोटं काउंटरवर ताल धरू लागली.

"ड्रमवाला एक नंबर हाय," ते म्हणाले. "पन ह्यो गिटारवाला कोन? लई घाई करून राहिलाय."

निलंग्याच्या आमच्या ड्रमरनंच ठेका चुकवून बँड बुडवला, असं मी तीस वर्षं सगळ्यांना सांगत आलो होतो.

"होता एक," मी म्हणालो. "त्याला जरा ताळ्यावर आणता येईल का?"

चाचांनी डोळे उघडून माझा घामेजलेला चेहरा पाहिला.

"साहेब, बुरशी काढून देतो. चूक ऱ्हाऊ द्या. तुमचीच हाय न्हवं?"

मी दोन पेनड्राइव्ह भरून घेतले. एक ड्रमरला द्यायला निलंग्याला निघालो. या वेळी मात्र अजिबात घाई केली नाही. स्टँडवर दोन एसट्या जाऊ दिल्या, तिसरीत चढलो.