दूध आटवायच्या गोळ्या

सत्तरच्या दशकातली गोष्ट. सांगलीच्या एका मुलींच्या शाळेत मला नोकरी लागली, तेव्हा माझा मुलगा पाच महिन्यांचा होता. आमच्या घरात कॉलेज पाहिलेली मी पहिलीच. नोकरी सोडायचं मनातही आलं नाही. मुलाला मेढ्याला आईजवळ ठेवलं आणि मी माधवनगरला खोली घेऊन राहिले.

वर्गात शिकवताना दूध दाटायचं, पदर ओला व्हायचा. घरमालकीण म्हणाली, "बाई, छातीला मोगऱ्याची फुलं बांधा, दूध आटतं." मी हसले. पदवीधर बाईनं फुलं बांधायची? मी सरळ डॉक्टरीणबाईंकडे गेले.

"अंगावर पाजता का?"

"नाही," मी ताठ मानेनं सांगितलं. त्यांनी गोळ्या दिल्या.

चौथ्या दिवशी शाळेतून आले तर दारात आई, कडेवर पोर. त्याला वरचं दूध सोसलं नव्हतं, जुलाबानं पार सुकला होता. मला बघताच झेपावला.

"आगं, घे की त्येला! बघत काय बसलीस?"

"आये, मी दूध आटवायच्या गोळ्या घेतल्यात. दुधातनं त्याच्या पोटात गेल्या तर?"

"डागदरीण काय म्हनली?"

"मी विचारलंच नाही."

"लय शिकलीस बाई! सोळा यत्ता झाल्या, आन् एवडं इचारता आलं न्हाई?"

तशीच मुलाला घेऊन दवाखान्यात गेले. बाईंनी त्याला तपासलं, मीठ-साखरेचं पाणी द्यायला सांगितलं. मग म्हणाल्या, "गोळ्या चालू ठेवल्यात तर दूध आटणार, हे नक्की. औषध दुधात किती उतरतं, ते मला ठाऊक नाही. म्हणून पाजायचं असेल तर गोळ्या आजच बंद. दोन दिवस दूध पिळून टाका, मग पाजा."

'ठाऊक नाही' म्हणताना त्यांना जराही लाज वाटली नाही. मला तर तोवर हे दोन शब्द कुणासमोर उच्चारता आले नव्हते.

दोन दिवस मी मोरीत बसून दूध पिळून टाकलं. बाहेर तो रडायचा, आई चमच्यानं पेज भरवायची. तिसऱ्या दिवशी पदराखाली घेतला. दूध थोडंच आलं. तो ओढायचा, चिडायचा, पुन्हा ओढायचा.

आई मेढ्याला परत गेलीच नाही. मधल्या सुट्टीत ती त्याला घेऊन शाळेच्या फाटकाशी यायची आणि मी शिपायाच्या खोलीत बसून पाजायची. बाकीच्या बाया बघायच्या. बघू देत.