तीनदा विचारणारा झाडू

सलातिगा या आमच्या गावात दुपारी मेर्बाबू डोंगरावरून धुकं उतरतं ते थेट आमच्या कामाच्या खोलीत येऊन बसतं. मग कोण काम करतंय नि कोण पेंगतंय, काही कळत नाही. त्या धुक्यात वुर्यानीबाईंचा पांढरा अंबाडा तेवढा दिसायचा. आम्ही त्यांना 'बू' म्हणतो, वडीलधाऱ्या बाईला म्हणतात तसं.

आमचं अवजार म्हणजे 'ताली'. एकदा समजावलं की शंभर कॉम्प्युटरवर तेच काम मुकाट करत बसतं. फुकट आहे, उघडं आहे, जगातलं कुणीही त्यात भर घालतं. नाव होतं ते भर घालणाऱ्यांचं. पण त्यांना कामाला बसता यावं म्हणून ज्या छोट्या स्क्रिप्ट लागतात, जागा मांडून देणाऱ्या, चूक दाखवणाऱ्या, त्या बूंच्या. त्यांची आठवण कुणाला? लग्नात वाढप्यांना कुणी आहेर करतं का!

त्यातली 'झाडू' मात्र बूंच्या यजमानांची, पाक सुमार्नोंची; बाईला 'बू' तसं पुरुषाला 'पाक'. काम संपलं की प्रयोगासाठी मांडलेला फायलींचा पसारा ती पुसून साफ करते. पण आधी तीनदा विचारते. 'झाडू का?' मग, 'चहा घेतलात का?' आणि शेवटी, 'आत कुणाचं काही राहिलंय का?'

इथली रीतच तशी. पहिली दोन उत्तरं मान राखायची, 'इंगिह', म्हणजे 'हो हो', तोंडातून आपोआप निघतं. मनातलं काय ते तिसऱ्यांदा.

पाक सुमार्नो जाऊन तीन वर्षं झाली. त्यांची एक अर्धवट स्क्रिप्ट त्या पसाऱ्यातच होती, त्यांनी ठेवली तिथंच. बू ती हलवू देत नव्हत्या. रोज तिसऱ्या प्रश्नाला त्या 'हो, राहिलंय' असं लिहीत आणि झाडू तेवढी जागा सोडून फिरे. मग त्या ती स्क्रिप्ट उघडून शेवटच्या ओळीपाशी बसून राहत. "एक दिवस पुरी करणार आहे मी," म्हणत. ऐकून ऐकून मी कंटाळले होते, पण तेव्हा त्यांचा चेहरा असा काही व्हायचा की झोपलेल्या माणसासारखं त्यांना उठवू नये वाटायचं.

मग दूरच्या मेदान शहरातून तोगार आमच्यात कामाला आला. बू त्याला 'मास' म्हणत, तरुणांना म्हणतात तसं. तिकडची माणसं म्हणजे एक घाव दोन तुकडे. पहिल्याच बैठकीत म्हणाला, "बू, झाडूला आपल्या चहाची कसली पंचाईत? एक प्रश्न पुरे. बाकीचे काढू का?"

"इंगिह," बू हसून म्हणाल्या.

"झालं तर मग!"

अहो, ते पहिलं इंगिह होतं! मला कळलं होतं. आणि मी काय केलं? तळलेलं तेंपे, सोयाबीनची वडी, तोंडात कोंबून गप्प बसले. आजही स्वतःची चीड येते.

दुसऱ्या दिवशी झाडूनं विचारलं, 'झाडू का?' बूंच्या हातानं सवयीनं 'हो' लिहिलं. पुढचे प्रश्न आलेच नाहीत. हात तसाच कीबोर्डवर राहिला.

"गेली," त्या म्हणाल्या. "यांची स्क्रिप्ट गेली."

तोगारचा चेहरा उतरला. दुसरीकडे कुठं प्रत नव्हती. मी त्याच्यावर उखडले, "अरे शहाण्या, इथं एकदा विचारून कुणी खरं सांगतं का?"

"मग मला सांगायचं कुणी? मी विचारलं, त्या हो म्हणाल्या!"

खोटं नव्हतं त्याचं, म्हणून मी जास्तच भडकले.

"भांडू नका," बू म्हणाल्या. "मला पाठ आहे. मास तोगार, तुम्ही लिहून घ्या."

डोळे मिटून त्या सांगू लागल्या, ओळीमागून ओळ. धुकं टेबलापर्यंत आलं होतं, मोगऱ्याच्या चहाचा वास सुटला होता. मधेच त्यांचा आवाज जड व्हायचा, अगदी पाक सुमार्नो बोलायचे तसा. मला भीती नाही वाटली, बरंच वाटलं. मग त्या थांबल्या.

"पुढं?" तोगारनं विचारलं.

"पुढं यांनी लिहिलंच नाही."

"मग मी पुरी करू का, बू?"

"इंगिह."

त्याची बोटं उठली होती. त्यानं माझ्याकडं पाहिलं. या वेळी मी डोळे वटारले.

त्यानं चहाचा पेला बूंच्या पुढं सरकवला. "आधी चहा घ्या. मग मी लिहू ना?"

"इंगिह, इंगिह."

त्यानं दोन्ही हात मांडीवर ठेवले. "बू, तिसऱ्यांदा विचारतोय. मी लिहू?"

बूंनी डोळे उघडले.

"नाही," त्या म्हणाल्या. "सरक तिकडं. मी लिहिते."