नवीकोरी डिस्क
चाकणच्या आमच्या कंपनीत कॉम्प्युटर सांभाळतात हिंदुराव. दर महिन्याला एकेका एसएसडी डिस्कची तब्येत तपासणार. खंडेनवमीला आम्ही मशीनला कुंकू लावतो; हा बाबा कॉम्प्युटर उघडून आतल्या डिस्कला लावतो! थकलेली डिस्क भंगारात द्यायची ती रविराजच्या पिंपरीतल्या दुकानात, नवी घ्यायची तीही तिथूनच. मी एकदा टोकलं, तर माझ्यावरच उखडले, "माझ्या गावचा हाय तो. मला फसवंल व्हय?"

परवा रविराजकडून आलेली नवीकोरी डिस्क त्यांनी जोडली. तपासणीत तिचं आयुष्य जवळजवळ संपलेलं निघालं. मी रविराजला शिव्या घातल्या. हिंदुरावांनी नखानं वरचं चकचकीत स्टिकर सोललं. खाली त्यांनीच लावलेलं खंडेनवमीचं कुंकू होतं.